जामाच्या झाडावर आत्या

आमच्या घरातून कुठलीही वस्तू सरळ मोडीत जात नाही. आधी तिला दुसरी नोकरी शोधून द्यावी लागते. तळ गेलेलं पातेलं कोथिंबिरीची कुंडी होतं. माझ्या वडिलांचा लग्नातला कोट आजही थंडीत कोंबड्यांच्या खुराड्यावर पांघरलेला असतो आणि कोंबड्या त्याखाली वरमायांसारख्या ऐटीत बसतात. हा कायदा माझ्या आत्याचा. उमेळ्यातल्या आमच्या वाडीवर राज्य तिचं. मी पन्नाशी ओलांडलेला, नोकरदार, दोन मुलींचा बाप. पण या राज्यातलं माझं पद अजून शिपायाचंच.

त्यामुळे माझा जुना फोन हातातून पडून त्याच्या काचेवर कोळ्याचं जाळं उमटलं आणि मी नवा घेतला, तेव्हा जुन्याला कचऱ्यात जायची परवानगी मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. मी त्याला नोकऱ्या शोधायला लागलो. आधी स्वयंपाकघरात गजराचं घड्याळ म्हणून लावला. तो मनाला येईल तेव्हा वाजायचा, बहुतेक वेळा बायकोच्या हातात उकळता रस्सा असताना. मग फाटकावर पहारेकरी म्हणून टांगला. त्याने दिवसभर डोळ्यांत तेल घालून एकाच कोंबडीच्या पार्श्वभागाचं चित्रीकरण केलं. संध्याकाळी आम्ही सगळे ते पाहत बसलो, तेव्हा बायको म्हणाली,

"अहो, याला आता निवृत्त करा. नाहीतर तुम्ही तरी व्हा."

एरवी या वाक्यावर आतल्या खोलीतून आत्याचा गडगडाट झाला असता. ती माझ्या बाजूने बोलली असती किंवा बायकोच्या, पण बोलली नक्की असती. त्या दिवशी आतून काही आलं नाही. आम्ही तिघं-चौघं क्षणभर दाराकडे बघत राहिलो.

इथे आत्याच्या आवाजाबद्दल सांगायलाच हवं. वडिलांची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही, वाडी केली. केळी, पानवेली, मोगरा आणि विहिरीकाठचं पांढऱ्या जामांचं मोठं झाड, हे सगळं तिने नुसत्या आवाजावर सांभाळलं असं म्हटलं तरी चालेल. ती विहिरीपाशी उभी राहून "कोन आहे रे झाडावर?" असं ओरडली की झाडावरची पोरं, पोपट आणि कधीकधी जामसुद्धा एकदम खाली यायचे. हाच आवाज मे महिन्यात आमच्या आळीतल्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे मारियेची माळेवरची प्रार्थना, सांगायचा. आत्याने अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली अर्धी सगळ्या आळीने. मी पाळण्यात होतो तेव्हापासून हे असंच चाललेलं. आमच्या वाडीभोवती इमारती उठल्या, तेव्हा पाचव्या-सहाव्या मजल्यावरचे नवे लोक संध्याकाळी गॅलरीत येऊन उभे राहायचे. त्यांना प्रार्थनेचं काही नव्हतं. हा आवाज माणसाचा आहे की लाउडस्पीकरचा, यावर त्यांच्यात वाद चालायचा.

आणि मग त्याच घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की जीव वाचला आहे, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आवाज परत येणार नाही.

आत्या घरी आली ती गळ्याभोवती पांढरा सुती रुमाल बांधून. त्या रुमालाखाली श्वासाचं छिद्र होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तिने आळीत पाऊल टाकणंच बंद केलं. कोणी भेटायला आलं की ती मागच्या दाराने विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत जाऊन बसायची. आमच्याशी बोलायचं तर पळीने दारावर ठोकायची. आवाज कायमचा गेला हे बाहेर सांगायचं नाही, अशी तिने पळी उगारूनच तंबी दिली होती. आळी आत्याला आक्का म्हणते. बिचाऱ्या आळीला वाटत होतं, जखम भरली की आक्का बोलेल. मे उजाडला तशी क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोझरीनंतर तिच्या आवाजासाठी वेगळी प्रार्थना होऊ लागली. आत्या ती घराच्या खिडकीआड बसून ऐकायची. ऐकून झालं की खिडकी लावून घ्यायची. तो खिडकीचा आवाज मला पळीपेक्षा जास्त लागायचा.

रोझरी आता निवृत्त मास्तर सांगायचे. मास्तर भला माणूस, पण आवाज असा की समोरच्या रांगेलाही डोळ्यांनी ऐकावं लागायचं. शिवाय रोझरीच्या पाच टप्प्यांतल्या तिसऱ्या रहस्यापर्यंत येता येता त्यांना डुलकी लागायची आणि सगळी आळी ते जागे होईपर्यंत मान खाली घालून वाट बघायची. आळीतल्या गर्दीला गळती लागली होती.

पोपटांना मात्र ही बातमी सगळ्यांच्या आधी कळली. जामाच्या झाडाखाली ओरडणारी बाई गप्प आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्या मे महिन्यात झाडावर त्यांचं संमेलनच भरलं. अर्धा जाम खायचा, अर्धा खाली टाकायचा आणि वरून आपल्याकडे मान वाकडी करून बघायचं. आणि इथे माझ्या डोक्यात दिवा पेटला. जुन्या फोनला नोकरी!

नाताळात हाउजीचे आकडे पुकारायला आणलेला स्पीकर माळ्यावर पडला होता. तो मी झाडाच्या दुबेळक्यात बांधला. वायर खाली पंपाच्या खोलीत आणली, तिथे फोन बिस्किटांच्या बरणीत ठेवून चार्जरला लावला आणि त्यावर कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज चढवला. पहिल्या भुंकण्याला पोपट असे उडाले की मी विहिरीच्या कठड्यावर उभा राहून हात उंचावले. प्रेक्षक म्हणून फक्त बायको होती. ती म्हणाली,

"उतरा. पडलात तर तुम्हाला दुसरी नोकरी मिळायची नाही."

पोपटांची भीती आठवडाभरही टिकली नाही. एक पोपट तर स्पीकरवरच बसून जाम खायला लागला. उलट शेजारणीचा खरा कुत्रा या अदृश्य कुत्र्याशी दिवसभर भांडून घसा बसवून बसला. आत्या पंपाच्या खोलीत त्या बरणीशेजारीच बसून असायची. ती माझ्याकडे अशा नजरेने बघायची, की आवाज असता तर काय ऐकावं लागलं असतं ते मला शब्दशः कळायचं.

मग तो रविवार आला.

दुपारचं जेवण झालं होतं. डुकराचं मटण होतं आणि मी त्याला न्याय दिला होता. पंखा गरगरत होता, मी आडवा होतो. आणि वाडीतून आवाज आला,

"ऊठ रे मेल्या! किती झोपशील? जा, मोटर बंद कर, पानी चाललंय सगळं फुकट!"

मी उठलो. चपला घातल्या. मागच्या दाराशी असलेल्या मोटरच्या बटणापाशी गेलो, बटण बंदच होतं तरी पुन्हा दाबून पाहिलं आणि जांभई देत परत फिरलो. अर्ध्या वाटेत माझे पाय थांबले. अंगावर काटा असा आला, की मला तो दिसला.

कोण बोललं होतं?

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात ताट, ताटातून पाणी तिच्या पायांवर गळतंय आणि तिला पत्ता नाही. ती कुजबुजली, "अहो... आत्या."

"तू ऐकलंस?"

"तुम्ही मोटर बंद करायला गेलात ना?"

"गेलो."

"मग? माझ्या सांगण्यावरून कधी गेलात?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. ज्या घशात आवाजाचं यंत्रच उरलेलं नाही, तिथून इतका खणखणीत आवाज? डॉक्टरांनी तर कागदावर चित्र काढून दाखवलं होतं! आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून, लग्नाच्या दिवशी देवळात गेलो होतो तसे, हळूहळू विहिरीकडे निघालो. तेवढ्यात जामाच्या झाडावरून पुन्हा गर्जना झाली,

"कोन आहे गं तिकडं? टोपली ठेव आधी खाली!"

आणि झाडामागून धप्पकन आवाज आला. आमची शेजारीण! कुंपणाच्या फटीतून जाम वेचायला आलेली. टोपली एकीकडे, जाम चहूकडे आणि ती मधोमध गुडघ्यांवर, हात जोडून, आभाळाकडे तोंड करून.

"ठेवली, आक्का, ठेवली!" ती रडत म्हणाली. मग तिला आपण काय ऐकलं ते उमगलं. ती ताडकन उठली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि माझ्या अंगावरून जवळजवळ चढून जात आळीकडे धावली. "आक्का बोलली! देवाने ऐकलं! आक्का बोलली!"

मी पंपाच्या खोलीत डोकावलो. आत्या स्टुलावर बसली होती. मांडीवर बिस्किटांची बरणी, हातात माझा तडकलेला फोन. तिचे खांदे गदागदा हलत होते. मला वाटलं, ती गुदमरतेय. मी घाबरून पुढे झालो. तिने मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं, आवाजाशिवायचं. ऑपरेशननंतर मी तिला प्रथमच हसताना पाहत होतो.

तिने फोन माझ्यापुढे धरला, तेव्हा मला सगळं कळलं. आत्याला लिहून निरोप पाठवायचा कंटाळा. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी दुसरी आत्या, आखातात राहते. तिला ही रोज दुपारी माझ्या फोनवरून बोललेले निरोप पाठवायची. बटण दाबून धरायचं आणि वाडीतली, आळीतली, देवळातली सगळी खबर सांगायची. मधे कोणी दिसलं की त्यालाही त्याच दमात ओरडायचं. ते ढिगाने निरोप या जुन्या फोनमध्येच राहिले होते. कुत्र्याच्या भुंकण्याला वैतागून आत्या ते बंद करायला गेली आणि बोटाखाली तिला तिचाच आवाज सापडला. झाडावरचा स्पीकर जोडलेलाच होता.

मी नोकरी दिली होती कुत्र्याची. तिने त्या फोनला थेट आपल्या जागेवर बढती दिली.

पण हसायला वेळ नव्हता. फाटकापाशी गलका ऐकू आला. मी बाहेर आलो आणि हबकलोच. अर्धी आळी! कोणी मेणबत्त्या आणल्या होत्या, कोणी मोगऱ्याचा गजरा. एका घरात त्या दिवशी बारसं होतं, तिथले लोक फुग्यांची परात घेऊनच आले होते. पिठाचे गोड, तळलेले गरम फुगे, वाटेत दोन-तीन पडले तेही कोणी उचलले नाहीत. आणि सगळ्यांपुढे मास्तर, डोळे पुसत. समोरच्या इमारतीतल्या गॅलऱ्या भरल्या होत्या. वरून एक बाई ओरडून विचारत होती, "काकू बऱ्या झाल्या का?"

"एकदा ऐकवा ना, आक्का!" शेजारीण म्हणाली. "एकच शब्द. मला शिवी द्या, चालेल!"

मी दोन्ही हात पसरून पुढे झालो. "आत्या दमलीय. जरा विश्रांती घेऊ द्या. उद्या..."

उद्या काय, ते मला माहीत नव्हतं. मागून पळीचा ठोका पडला. खोलीच्या लोखंडी दारावर, खाड्कन. आत्या दारात उभी होती. इतक्या महिन्यांनी आळीसमोर पहिल्यांदा. तिने मला बाजूला व्हायची खूण केली, फोन उंच धरला आणि बोट टेकवलं. जामाच्या झाडावरून आत्या बोलू लागली,

"...आनि ऐक, आपली शेजारीन आली होती आज. दोन टोपल्या जाम घेऊन गेली आनि वर मला म्हनते कशी, आक्का, यंदा आंबट आहेत! अगं मग दुसरी टोपली कशाला भरलीस?"

आळी गार. शेजारणीचं तोंड जामासारखं आधी पांढरं, मग गुलाबी. "आक्का! माझ्याच तोंडावर?"

मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि हसण्याचा असा भडका उडाला, की वरच्या गॅलऱ्याही त्यात सामील झाल्या. त्यांना कळलं काहीच नव्हतं. पण हसता हसता एकेकाची नजर आत्याच्या ओठांवर गेली. ओठ मिटलेले होते. आवाज झाडावरून येत होता. हसणं काठाकाठाने विझत गेलं.

मास्तरांनी हळूच विचारलं, "आक्का, म्हणजे तुम्ही नाही बोललात?"

आत्याने फोन माझ्या हातात दिला. गळ्याचा रुमाल सोडला. जे तिने आरशालाही फारसं दाखवलं नव्हतं, ते सगळ्या आळीला दाखवलं. मग मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवली. नाही. आता कधीच नाही.

मेणबत्त्या आणलेल्यांना त्या कुठे ठेवाव्या ते कळेना. गजरा आणलेली बाई गजऱ्याशीच चाळा करत राहिली. आणि पहिलं वाक्य बोलली ती शेजारीण. नाक ओढून, पदराने डोळे पुसून, अजून जरा रागातच,

"मग एवढं बोलणं आहे त्या डब्यात, त्यात रोझरी आहे का नाही?"

मी आत्याकडे बघितलं. आत्या माझ्याकडे बघत होती. होती! आखातातली आत्या आजारी पडून इस्पितळात होती, तेव्हा हिने तिच्यासाठी स्वयंपाकघरात बसून अख्खी रोझरी बोलून पाठवली होती. इथली अर्धी हिने म्हणायची, तिथली अर्धी तिने, मधे तेवढी जागा सोडलेली. मी स्वतः फोन धरून उभा होतो.

मास्तर मात्र गंभीर झाले. "पण प्रार्थना माणसाने सांगायची असते. यंत्राने सांगितलेली देवाला कशी..."

"मास्तर," शेजारीण म्हणाली, "तुम्ही तिसऱ्या रहस्यात घोरता, ती त्याला पोचते का?"

मास्तरांनी विचार केला. मग एक फुगा उचलला आणि खाल्ला. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाडावरचा स्पीकर उतरवून मी तो क्रुसापाशी नेला. पोपटांनी ही संधी साधून झाडाचा ताबा घेतला; घेऊ दे म्हटलं. आत्या येईल याची मला खात्री नव्हती. पाच वेळा रुमाल बांधला आणि सोडला तिने. शेवटी बांधला, पळी कमरेला खोचली आणि माझ्यापुढे चालू लागली. क्रुसापुढे तिच्या जुन्या जागेवर कोणीही बसलं नव्हतं. एरवी गळती लागलेली गर्दी त्या दिवशी रस्त्यापर्यंत गेली होती. आत्या बसली. एका हातात माळ, दुसऱ्या हातात तडकलेला फोन. बोट टेकवलं.

"नमो मारिये..." आणि तो आवाज उठला. तोच. भिंतींना टेकून उभा राहणारा. आत्याचे ओठ बरोबर हलत होते. आळीने उत्तर दिलं, आधी चाचरत, मग पोट भरून. पहिलं रहस्य झालं, दुसरं झालं. शेजारणीचा कुत्राही गप्प बसून होता. मास्तर टक्क जागे होते. मी डोळे मिटून घेतले आणि क्षणभर मला वाटलं, काही झालंच नाही, गाठ नाही, ऑपरेशन नाही, मागचं सगळं कोणीतरी उगाच सांगितलं.

चौथ्या रहस्यात, नेमक्या अर्ध्या प्रार्थनेत, आवाज एकदम वर चढला,

"अरे दूध! दूध उतू चाललंय, मेल्या! जा, गॅस बंद कर!"

आळी लयीत होती. तिने त्याच लयीत, एका सुरात, उरलेली अर्धी प्रार्थना म्हणून टाकली.

आणि मी? मी उठलो होतो. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी चपला न घालता आमच्या घराच्या पायऱ्या चढत होतो. स्वयंपाकघरात शिरलो. खोटं कशाला सांगू, शेगडीवर दूध नव्हतं. काहीच नव्हतं. ओटा पुसून स्वच्छ होता, पातेलं पालथं घातलेलं. ते दूध केव्हाचं उतू जाऊन गेलं होतं. तरीही मी गॅसचं बटण फिरवून बंद असल्याची खात्री केली.

परत आलो तेव्हा रोझरी पुढे सरकली होती. बायकोने पदरात तोंड लपवलं होतं, मास्तरांची माळ हातात थरथरत होती, पुढची रांग ओठ चावून बसली होती. आत्याने मात्र मागे वळून माझ्याकडे बघितलं. भुवई उंचावली. बंद केलास?

मी मान हलवली. केला.

तिचं समाधान झालं. ती क्रुसाकडे वळली आणि तिने माळेचा पुढचा मणी धरला.